आदिलाबादच्या जलाशयांतील कोळंबी : जीवनक्रम, बीजसोडणी आणि टिकाऊ मासेमारी

कोळंबी म्हटले की समुद्र आठवतो. बंगालच्या उपसागरापासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर आत असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याचा कोळंबीशी संबंध त्यामुळे सुकटीपुरताच असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या भागातील ओढ्यानाल्यांत छोटे झिंगे पूर्वीपासून आहेत. शिवाय तेलंगणा शासन २०१७-१८ पासून राज्यातील निवडक जलाशयांत गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचे बीज सोडत आले आहे. माशांचे मोफत बीज पुरवण्याची योजना त्याच्या आदल्या वर्षी, २०१६-१७ मध्ये सुरू झाली होती. कोळंबीला माशापेक्षा चांगला भाव मिळत असल्याने मच्छीमार सहकारी संस्थांनी तिच्याकडे जोडउत्पन्नाचे साधन म्हणून पाहणे स्वाभाविक होते.

मात्र मासा आणि कोळंबी यांत एक मूलभूत भेद आहे. जलाशयात सोडलेली ही मोठी कोळंबी वाढते, वयात येते, मादी अंडीही धरते. परंतु तिची पुढची पिढी तेथे तयार होत नाही. पुढील हंगामासाठी पुन्हा बाहेरून बीज आणावे लागते. असे का घडते आणि अशा मासेमारीला टिकाऊ म्हणायचे असेल तर काय सांभाळावे लागते, याचा हा परिचय.

दोन मोठ्या जाती, अनेक छोट्या

गोड्या पाण्यातील कोळंबीला विदर्भात आणि सीमेलगतच्या गावांत ‘झिंगे’ म्हणतात; तेलुगूत ‘रोय्यलु’. शास्त्रीय दृष्ट्या यांपैकी महत्त्वाच्या जाती ‘मॅक्रोब्रॅकियम’ या प्रजातीत मोडतात. या गटातील सर्वांत मोठी जात म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. व्यापारात ती ‘स्कॅम्पी’ या नावाने ओळखली जाते. जलाशयांत बीज सोडले जाते ते प्रामुख्याने हिचेच. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी ३२ सेंटिमीटरपर्यंत आणि मादीची २५ सेंटिमीटरपर्यंत भरू शकते. पायांची दुसरी जोडी लांब, नांगीयुक्त आणि मोठ्या नरांत गडद निळी असते. हीच तिची ठळक खूण.

दुसरी मोठी जात मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. महानदी, गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या पूर्ववाहिनी नद्यांची ही मूळ रहिवासी. आकाराने ती पहिलीपेक्षा लहान असली तरी गोदावरीच्या खालच्या पट्ट्यात तिची मासेमारी जुनी आहे. पावसाळ्याच्या पुराशी तिचे प्रजनन जोडलेले असल्याने इंग्रजीत तिला पावसाळी नदीकोळंबी अशा अर्थाचे नाव आहे.

या दोघींखेरीज मॅक्रोब्रॅकियम लॅमरी, मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्स यांसारख्या छोट्या जाती दख्खनच्या नद्या, तलाव आणि ओढ्यांत आढळतात. आठवडी बाजारात वाट्याने विकले जाणारे बारीक झिंगे बहुधा अशाच छोट्या जातींचे असतात. मोठ्या आणि छोट्या जातींतील फरक केवळ आकाराचा नाही. पुढील विवेचनात तो निर्णायक ठरतो.

जीवनक्रम : गोड्या पाण्यातून खाऱ्याकडे आणि परत

कोळंबीचे शरीर कठीण कवचाने झाकलेले असते. कवच वाढत नाही, म्हणून वाढीसाठी तिला वरचेवर कात टाकावी लागते. कात टाकल्यानंतर काही तास शरीर मऊ राहते आणि त्या काळात ती इतर कोळंब्यांच्या व माशांच्या तावडीत सहज सापडते. एकमेकींना खाण्याची प्रवृत्ती या जातीत असल्याने दाट वस्तीत अशा प्रकारे बरीच हानी होते. दगड, झाडाच्या फांद्या, पाणवनस्पती यांचा आडोसा असेल तर ही हानी घटते.

मादीचे मीलनही कातीशी जोडलेले आहे. नुकतीच कात टाकलेली मादी आणि कठीण कवचाचा नर यांचेच मीलन होते. त्यानंतर काही तासांत मादी अंडी घालते. ही अंडी पाण्यात सोडून न देता ती पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटवून वाहते आणि पाय हलवून त्यांना प्राणवायू पुरवते. पूर्ण वाढलेली मोठी मादी एका वेळी ८० हजार ते एक लाख अंडी वाहू शकते. पहिल्या वेळच्या मादीला ५ ते २० हजार अंडी असतात. आरंभी ती नारिंगी दिसतात, उबण्याच्या सुमारास राखाडी होतात. पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सियसच्या आसपास असल्यास सुमारे तीन आठवड्यांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात.

येथून पुढचा टप्पा कळीचा. रोझेनबर्गीच्या अळीला जगण्यासाठी निमखारे पाणी लागते. समुद्राच्या पाण्यात साधारणपणे हजारी ३५ भाग क्षार असतात. या अळ्यांच्या संगोपनात पाण्याची क्षारता हजारी १२ भागांच्या आसपास ठेवली जाते. निव्वळ गोड्या पाण्यात जन्मलेली अळी निमखाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचली नाही तर काही दिवसांतच मरते. म्हणूनच निसर्गात अंडीधारी माद्या नदीच्या प्रवाहाबरोबर खाडीकडे उतरतात. तेथे अळी अकरा अवस्थांतून जाते आणि तीन ते पाच आठवड्यांत तिचे छोट्या कोळंबीत रूपांतर होते. या अवस्थेला मत्स्यव्यवसायात ‘पोस्ट लार्व्हा’ म्हणतात आणि व्यवहारात ‘कोळंबीबीज’ म्हणतात ते हेच. ही पिल्ले नंतर प्रवाहाविरुद्ध नदीत चढू लागतात. ओल असेल तर ती काठाच्या दगडांवरून सरपटत जातात, उभ्या ओल्या पृष्ठभागावरही चढतात.

अळीला खारट पाणी लागते, ही गोष्ट १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हती. मलेशियात काम करणाऱ्या शाओ-वेन लिंग यांनी ती शोधून काढली. त्यानंतर हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर बीज तयार करण्याची पद्धत बसवली. आज जगभर चालणारी स्कॅम्पीची बीजोत्पादन केंद्रे या दोघांच्या कामावर उभी आहेत.

समुद्राकडची वाट आणि धरणे

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे महाराष्ट्रातील यवतमाळ आणि चंद्रपूर हे जिल्हे आहेत. सातनाला, मत्तडीवागू या प्रकल्पांचे ओढे पैनगंगेला मिळतात. पैनगंगा वर्धेत, वर्धा वैनगंगेसह प्राणहितेत आणि प्राणहिता कालेश्वरम येथे गोदावरीत मिसळते. जिल्ह्याच्या दक्षिण भागात उगम पावणारी कडम नदी मात्र थेट गोदावरीकडे जाते. तिच्यावरील कडम धरण २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर निर्मल जिल्ह्यात गेले.

सातनाला जलाशयातील एखाद्या अंडीधारी मादीने समुद्राची वाट धरली असे मानले, तर तिला आधी त्या प्रकल्पाचा बांध ओलांडावा लागेल. पैनगंगेवर दोन्ही राज्यांच्या कराराने हाती घेतलेला चनाखा-कोरटा बंधारा आहे. प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली मेडीगड्डा, तुपाकुलगुडेम, दुम्मुगुडेम, पोलावरम आणि अखेर धवळेश्वरम अशी पूर्ण झालेली वा बांधणीत असलेली कामे ओळीने येतात. यांतील धवळेश्वरमचा मूळ बंधारा आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात बांधला गेला. म्हणजे गोदावरीतील कोळंबीच्या स्थलांतरात अडथळा येण्याची सुरुवात पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. खाली उतरणारी मादी पुराच्या पाण्याबरोबर एखाद्या सांडव्यावरून जाईलही. परंतु खाडीतून वर चढणाऱ्या बोटभर पिल्लांना इतके बांध पार करणे शक्य नाही.

थायलंडमधील पाक मून धरणाचे उदाहरण या संदर्भात जगभर दिले जाते. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणामुळे मून नदीतील माशांचे स्थलांतर खुंटले. त्यावर उपाय म्हणून माशांसाठी पायऱ्या बांधल्या गेल्या आणि जलाशयात रोझेनबर्गी कोळंबीचे बीज सोडण्यात आले. पायऱ्यांचा फारसा उपयोग झाला नाही. कोळंबी गोड्या पाण्यात प्रजनन करू शकत नसल्याने तिचा साठा टिकवणे सर्वस्वी बीजावर अवलंबून राहिले. धरणांविषयीच्या जागतिक आयोगाने आपल्या अभ्यासात या त्रुटीवर बोट ठेवले होते. श्रीलंकेतील तलावांत याच जातीचे बीज सोडून तेथील मच्छीमार चांगले उत्पन्न घेतात. पण तेथेही बीज केंद्रांतूनच येते, ही गोष्ट गृहीत धरूनच नियोजन केले जाते.

समुद्रातील नियम जलाशयाला लागू पडतात का?

टिकाऊ मासेमारीचे जे नियम सर्वसामान्यपणे सांगितले जातात, त्यांतील पुष्कळसे समुद्रातील साठ्यांच्या अनुभवावर बेतलेले आहेत. खोल समुद्रातील कोळंबीशी तुलना केली तर जलाशयातील परिस्थिती किती वेगळी आहे, हे स्पष्ट होते.

केरळच्या किनाऱ्यासमोर, कोल्लमजवळील क्विलॉन बँक या भागात २०० मीटरहून खोल पाण्यात कोळंबीच्या अनेक जाती राहतात. संशोधन नौकांना त्यांचा ठावठिकाणा पूर्वीपासून माहीत होता. व्यावसायिक ट्रॉलर तेथे मोठ्या संख्येने जाऊ लागले ते १९९९-२००० च्या सुमारास. यांतील हेटेरोकार्पस आणि प्लेसिओनिका या गटांतील माद्या आपल्या नदीतील कोळंबीप्रमाणेच अंडी पोटाखाली वाहतात, तर अरिस्टिअस अल्कोकी ही लाल कोळंबी अंडी पाण्यात सोडते. खोल, थंड पाण्यातील जीव साधारणपणे सावकाश वाढतात. त्यामुळे अंडीधारी माद्या मोठ्या प्रमाणावर उपसल्या तर साठा भरून यायला वेळ लागतो. अशा ठिकाणी प्रजननाच्या काळात मासेमारी आवरणे, लहान कोळंबी सुटेल असा जाळ्याचा आस ठेवणे आणि नौकांची संख्या मर्यादित करणे हे उपाय अर्थपूर्ण असतात.

उत्तर अटलांटिकमधील पँडॅलस बोरिअलिस या थंड पाण्यातील कोळंबीची कथा आणखी बोलकी आहे. ही कोळंबी आयुष्याच्या पूर्वार्धात नर असते आणि पुढे मादी बनते. म्हणजे मोठ्या आकाराची कोळंबी वेचून पकडली की प्रामुख्याने माद्याच कमी होतात. अमेरिकेच्या मेन आखातात समुद्राचे पाणी तापले, साठा कोसळला आणि २०१४ च्या हंगामापासून तेथील व्यावसायिक मासेमारी बंद ठेवावी लागली. मासेमारी थांबवूनही वर्षानुवर्षे साठा सावरला नाही. पाण्याची स्थितीच बदलली तर केवळ जाळी गुंडाळून ठेवणे पुरत नाही, हा त्यातील धडा.

आदिलाबादच्या जलाशयातील गणित याच्या उलट आहे. येथे कोळंबी लवकर वाढते. सहा ते आठ महिन्यांत ती विक्रीयोग्य होते. पण तिचे प्रजनन फुकट जाते. अंडीधारी मादी सोडून दिली तरी तिच्या अळ्या मरणारच असल्याने पुढील वर्षीच्या साठ्यात एकाचीही भर पडत नाही. त्यामुळे ‘अंडीवाली मादी परत पाण्यात सोडा’ हा समुद्रात व गोदावरीच्या मुखाजवळ अत्यंत आवश्यक असलेला नियम बंदिस्त जलाशयात रोझेनबर्गीपुरता निरर्थक ठरतो. कटला, रोहू, मरळ या माशांना मात्र विणीच्या हंगामात संरक्षण मिळालेच पाहिजे. जलाशयातील कोळंबीचा टिकाऊपणा ठरतो तो बीजाची प्रत, सोडण्याची वेळ, काढणीचा आकार आणि पाण्याची शुद्धता या चार गोष्टींवर.

बीज : आकार, प्रत आणि वेळ

रूपांतर होऊन नुकतेच तयार झालेले बीज जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे असते. असे बीज थेट मोठ्या जलाशयात सोडले तर मरळीसारख्या शिकारी माशांना ते आयते खाद्य मिळते. तेच बीज दीड-दोन महिने छोट्या तळ्यात किंवा जलाशयाच्या उथळ कडेला जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत वाढवून चार-पाच सेंटिमीटरचे केले, तर जगण्याचे प्रमाण लक्षणीय सुधारते. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात लहान तलाव बरेच असल्याने संगोपनाचे हे काम स्थानिक पातळीवर, महिला बचत गटांनाही करता येण्यासारखे आहे.

वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडले तर पुराच्या वेळी सांडव्यावरून ते वाहून जाण्याचा धोका असतो. जुलै २०२२ च्या पुरात कडम धरणात त्याच्या विसर्ग क्षमतेहून अधिक पाणी आले होते. अशा वर्षी आधी सोडलेल्या बीजाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. सांडवा थांबल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये बीज सोडले तर दुसरी अडचण पुढे येते. या कोळंबीला २८ ते ३१ अंशांचे पाणी मानवते. १४ अंशांखाली ती मरते. आदिलाबाद हा राज्यातील सर्वाधिक थंडीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. डिसेंबर-जानेवारीत जलाशयाचे पाणी प्राणघातक पातळीपर्यंत उतरले नाही तरी वाढ मंदावते. मार्चनंतर ती वेग घेते, तोवर रब्बीच्या सिंचनासाठी पाणी सोडून जलाशय आक्रसू लागलेला असतो.

या दोन अडचणींतून मार्ग निघतो तो पुन्हा संगोपन तळ्यांतून. बीज जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यात घ्यावे, पूर ओसरल्यावर मोठे झालेले बीज जलाशयात सोडावे. थंडी सुरू होण्यापूर्वी त्याला वाढीचे काही उबदार आठवडे मिळतात आणि आकार मोठा असल्याने शिकारी माशांपासून बचावही होतो.

प्रतीच्या बाबतीत इतिहासाची नोंद घेणे आवश्यक आहे. भारतात स्कॅम्पीचे संवर्धन २००५-०६ मध्ये शिखरावर होते. त्या वर्षी उत्पादन सुमारे ४२ हजार टनांवर गेले. त्यानंतर ते झपाट्याने घसरले. विषाणूमुळे होणारा ‘व्हाइट टेल’ हा पिल्लांचा रोग, निकटच्या नात्यातील पैदाशीमुळे खालावलेले बीज आणि २००९ पासून देशात परवानगी मिळालेली व्हॅनामेई ही समुद्री कोळंबी, ही त्यामागची प्रमुख कारणे. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने निवड-पैदास करून ‘सिफा-जीआय स्कॅम्पी’ हा सुधारित वाण तयार केला आहे. बीज कोणत्या केंद्रातून आले, त्याची पीसीआर पद्धतीने रोगतपासणी झाली का आणि त्याचे मूळ कोणते, हे विचारण्याचा बीज स्वीकारणाऱ्या संस्थेला पूर्ण अधिकार असायला हवा. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आलेले बीज लगेच पाण्यात ओतू नये. पिशव्या काही वेळ जलाशयात तरंगत ठेवून आतील-बाहेरील तापमान सारखे होऊ द्यावे. बीज शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी, आडोसा असलेल्या कडेला सोडावे.

काढणी : मोठे नर आधी

एकाच वयाच्या कोळंब्या सारख्या वाढत नाहीत, हे या जातीचे वैशिष्ट्य. नरांत तीन प्रकार दिसतात : खुजे नर, नारिंगी नांगीचे नर आणि निळ्या नांगीचे नर. निळ्या नांगीचे नर आपला प्रदेश राखतात आणि त्यांच्या सावटाखाली लहान नरांची वाढ दबते. मोठे नर काढून घेतले की मागचे वाढीला लागतात. म्हणूनच सारा माल एकाच वेळी उपसण्यापेक्षा पाचव्या-सहाव्या महिन्यापासून टप्प्याटप्प्याने मोठे नर काढणे हितावह असते.

यासाठी मोठ्या आसाची फासजाळी आणि आमिष लावलेले सापळे उपयोगी पडतात. सापळ्यात सापडलेली लहान कोळंबी जिवंत परत सोडता येते. बारीक आसाच्या जाळ्यांनी किंवा महाजालाने सरसकट ओढणी केली तर कोळंबीबरोबर कटला-रोहूची बोटुकलीही नष्ट होते. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून केली जाणारी मासेमारी तर गुन्हाच आहे; तिच्यामुळे पुढच्या हंगामाचे खाद्यही संपते.

कोणत्या माशांबरोबर कोळंबी सोडावी, हेही महत्त्वाचे. कोळंबी तळाशी राहते. कुजके सेंद्रिय पदार्थ, कीटकांच्या अळ्या, शंख-शिंपल्यांतील जीव असे मिश्र खाद्य खाते. कटला पृष्ठभागावर आणि रोहू मधल्या थरात चरत असल्याने त्यांचा तिला त्रास होत नाही. मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे असल्याने त्यांची संख्या बेताची ठेवावी.

कापसाचे शिवार आणि पाण्याची शुद्धता

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा आहे. कापसावर वापरली जाणारी कीटकनाशके, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे, कवचधारी जलचरांना अतिशय घातक असतात. कीटक आणि कोळंबी हे दोघेही संधिपाद प्राण्यांच्या एकाच मोठ्या संघातील असल्याने कीटकाच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारे औषध कोळंबीवरही तसेच काम करते. मासे तगतील अशा अत्यल्प मात्रेतही कोळंबी मरू शकते. पावसाळ्यात फवारणी आणि पूर एकाच काळात येतात. फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला की शिवारातील औषध नाल्यांवाटे जलाशयात उतरते.

याचा अर्थ जलाशयातील मच्छीमाराचे उत्पन्न काही अंशी पाणलोटातील शेतकऱ्याच्या फवारणीवर अवलंबून आहे. नाल्याच्या काठाने झुडपे व गवताची पट्टी राखणे, फवारणी यंत्रे आणि औषधाचे रिकामे डबे नाल्यात न धुणे, पावसाचा अंदाज पाहून फवारणी करणे या गोष्टी शेतकऱ्यालाही तोट्याच्या नाहीत. पुष्कळ कुटुंबांत शेती आणि मासेमारी ही दोन्ही कामे चालत असल्याने हा विषय दोन गटांतील वादाचा होण्याचे कारण नाही.

दुर्लक्षित राहिलेले छोटे झिंगे

बाहेरून आणलेल्या मोठ्या कोळंबीच्या चर्चेत स्थानिक छोट्या जाती विसरल्या जातात. मॅक्रोब्रॅकियम लॅमरी आणि किस्टनेन्स या जातींचा जीवनक्रम गोड्या पाण्यातच पूर्ण होतो. किस्टनेन्सची अंडी संख्येने कमी पण आकाराने मोठी असतात. पिल्लू बऱ्याच प्रगत अवस्थेत बाहेर येते आणि त्याला खाडीची गरज भासत नाही. या जातींना शासनाचे बीज लागत नाही, वाहतूक लागत नाही. पाणी आणि काठ शाबूत राहिले की त्या आपोआप टिकतात.

अंडीधारी मादी राखण्याचा नियम जलाशयात अर्थपूर्ण आहे तो या झिंग्यांच्या बाबतीत. पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी मच्छरदाणीच्या कापडाने होणारी बारीक मासेमारी थांबवली तर त्यांचा लाभ थेट गरीब कुटुंबांच्या ताटात दिसतो. वाळवलेले झिंगे अनेक महिने टिकतात; कवचासकट खाल्ले जात असल्याने त्यांतून कॅल्शियमही मिळते.

नोंदवहीचे महत्त्व

बीज किती सोडले, याच्या बातम्या येतात. किती हाती लागले, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. दरवर्षी बाहेरून बीज आणावे लागणाऱ्या मासेमारीत हाच आकडा सर्वाधिक मोलाचा असतो. उदाहरणादाखल, एखाद्या जलाशयात एक लाख बीज सोडले, त्यातील शेकडा ५ कोळंब्या सरासरी ५० ग्रॅम वजनाच्या मिळाल्या, तर एकूण उत्पादन २५० किलो होते. संगोपन केलेल्या मोठ्या बीजामुळे हे प्रमाण शेकडा १० झाले तर ते ५०० किलो होईल. टप्प्याटप्प्याने काढणी करून सरासरी वजन ८० ग्रॅमवर नेले तर तेच ८०० किलोवर जाईल. बीजाची संख्या तिन्ही वेळा सारखीच आहे. फरक पडला तो व्यवस्थेमुळे.

त्यासाठी संस्थेच्या नोंदवहीत मोजके रकाने पुरेसे आहेत : बीज आल्याची तारीख, सदस्यांसमक्ष नमुना मोजून ठरवलेली संख्या, सरासरी लांबी, पिशव्यांतील मृत बीज, सोडण्याची जागा; आणि पुढे प्रत्येक विक्रीच्या दिवशी किलो, नगसंख्या व मिळालेला भाव. तीन-चार हंगामांच्या अशा नोंदी जमल्या की कोणत्या जलाशयात कोळंबी मानवते आणि कोठे माशांवरच भर देणे शहाणपणाचे, हे संस्थेला स्वतःच ठरवता येईल. मत्स्य व्यवसाय विभागाकडे मागणी करतानाही हीच वही पुरावा ठरेल.

बीजासाठी किनारपट्टीवरच अवलंबून राहावे लागते, असेही नाही. मिठागरातील तीव्र खारे पाणी टँकरने आणून किंवा क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करून, तेच पाणी गाळून पुन्हा वापरत किनाऱ्यापासून दूरवर बीजोत्पादन करता येते. तशी केंद्रे अनेक देशांत चालली आहेत. मात्र त्यांना कुशल मनुष्यबळ आणि अखंड वीज लागते. त्याआधीची, कमी खर्चाची पायरी म्हणजे तालुक्यागणिक एक संगोपन तळे. ते पावसाळ्यापूर्वी कोरडे करून उन्हात तापवणे, शिकारी मासे काढणे, चुना टाकणे आणि आडोशासाठी फांद्या रोवणे ही कामे मे महिन्यातच उरकावी लागतात. जुलैमध्ये येणारे बीज त्यानंतरच त्यात घेता येते.